काळ्या मातीत दोन गड्ड्यांचा संडास बांधताना

आधी सेप्टिक टँकचा नाद सोडा राजेहो. मिस्तरी म्हणंल टँकच पक्का, पण टँकचं पाणी शेवटी बाहेर निघतंच, ते नालीत सोडलं की मच्छर अन् भांडणं, अन् गाळ उपसायला गाडी बोलवा ते येगळंच. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर रुंद अन् मीटरभर खोल असे दोन गड्डे बस होतात, दोघांत मीटरभर अंतर ठेवा, अन् विहीर-बोअरपासून निदान 10 मीटर लांब.

सीट घेताना खड्या उताराची रूरल पॅन अन् 20 मिमी पाणी थांबणारा ट्रॅपच (सीटखालची वास अडवणारी वाकडी नळी) मागा. दुकानदार शहरवाली चपटी सीट गळ्यात मारते, तिला एका वेळी बादलीभर पाणी लागते. रूरल पॅनला दीड-दोन लिटर पुरते, मे महिन्यात हा फरक समजते.

आता खरी डोकेदुखी, गड्डा. आपली काळी माती पाणी लवकर पीत नाही, पावसाळ्यात फुगून विटांना रेटा देते अन् उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नुसतं जाळीचं वीटकाम (पाणी मुरायला विटांत भोकं सोडलेलं) करून भागत नाही. गड्डा विटांच्या बाहेरून चहूकडून फूटभर जास्त खोदा अन् त्या फटीत जाड रेती नाहीतर बारीक गिट्टी भरा. मुरूम नको म्हणजे नकोच, पाणी लागलं की तो दबून घट्ट बसते. अन् रेती वीटकाम जसं वर येईल तशी थरानं भरायची, शेवटी एकदम ओतली तर खाली पोकळी राहते. मजूर काम करत असताना तिथंच उभे राहा, कारण खोदलेली काळी माती बाजूलाच पडली असते अन् तुम्ही चहाला गेले की रेतीऐवजी तीच आत लोटली जाते, झाकण पडल्यावर कोण पाहते! वरचा फूटभर भाग मात्र जाळी न ठेवता बंद बांधा, अन् तोंड जमिनीपासून वितभर वर घ्या. खाली बुडाला सिमेंट टाकायचं नाही, कोणी कितीही सांगो. गॅसचा पाईपही लागत नाही, गॅस मातीतच जिरते.

सीटची नळी ज्या चेंबरातून दोन गड्ड्यांकडं फुटते, त्यातलं एक तोंड वीट-मातीनं बंद ठेवा, म्हणजे एका वेळी एकच गड्डा भरते. पहिला गड्डा भरला की तोंड बदला, अन् भरलेल्याला दीड-दोन वर्षं हात लावू नका, मग आतलं कोरडं सोनखत वावरात टाकता येते. न्हाणीचं पाणी या चेंबरात सोडू नका, त्याचा शोषखड्डा येगळा.