घरावर सोलर बसवताय? आधी सावली मोजा

सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या घराला किती किलोवॅटचं लागेल?" प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर विक्रेत्याकडून ऐकण्याआधी दोन कामं स्वतः करावीत. दोन्ही फुकटात होतात.

१. बारा महिन्यांची बिलं काढा

रक्कम पाहू नका, युनिट पाहा. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. वर्षभराच्या युनिटांची बेरीज करून ३६५ ने भागा. एकाच महिन्याच्या बिलावर हिशेब बांधला तर तो फसतो, कारण एसी किंवा गिझर चालणारा महिना आणि बाकीचे महिने यांत मोठा फरक असतो.

समजा वर्षाला ३,६५० युनिट, म्हणजे रोज १० लागतात. दिवसभराचं कमी-जास्त ऊन गोळा करून तुमच्या जागी रोज सरासरी ५ तासांचं पूर्ण ऊन भरत असेल, तर १ किलोवॅटचे पॅनल कागदावर ५ युनिट देतील. उष्णता, धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांत साधारण पाचवा हिस्सा जातो. उरले ४. दहाला चारने भागलं की अडीच किलोवॅट. ऊन कमी मिळणाऱ्या प्रदेशात हाच आकडा बराच वाढेल.

२. खडू घेऊन गच्चीवर जा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाण्याची टाकी, कठडा, झाड, शेजारची भिंत यांच्या सावल्या खडूने आखून ठेवा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात, म्हणून शक्य असेल तर मोजणी तेव्हाच करा.

एवढा खटाटोप कशाला? पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे चौकोन, एकामागे एक जोडलेले असतात. अरुंद बोळात पुढचा माणूस थांबला की मागची रांग थांबते, तसंच इथे होतं. एका सेलवर सावली पडली तरी त्या ओळीतला प्रवाह अडतो. पॅनलमधला बायपास डायोड (प्रवाहाला पर्यायी वाट देणारा छोटा भाग) तेवढा भाग वगळून बाकीचं काम चालू ठेवतो, पण वगळलेला भाग बहुधा पॅनलचा एक तृतीयांश असतो. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक पॅनलला स्वतंत्र सांभाळणारी छोटी उपकरणं, लावले तर एका पॅनलचा त्रास दुसऱ्याला होत नाही. सावलीतल्या पॅनलला मात्र तेही ऊन आणून देऊ शकत नाहीत.

जागेचं बोलायचं तर १ किलोवॅटला नुसत्या पॅनलची जागा सुमारे ५ चौरस मीटर लागते. सपाट गच्चीवर चालायची वाट आणि दोन रांगांमधलं अंतर धरून ८ ते १० धरा. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. छत गळत असेल तर दुरुस्ती आधी उरका, नाहीतर पुढे सगळा सांगाडा उतरवायची वेळ येते.

३. वीज गेल्यावर काय हवं ते ठरवा

"सोलर आहे, मग लाइट गेल्यावर घरात अंधार का?" असं विचारणारे बरेच भेटतात. फक्त ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज जाताच मुद्दाम बंद होते. ती चालू राहिली तर बंद समजून तारेला हात लावणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल.

वीज नसतानाही काही चालू हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) घ्या. त्या वेळी नेमकं काय चालवायचं याची यादी करा. ३०० वॅटचा भार ५ तास म्हणजे दीड युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून ती ३ युनिटांची लागेल. लिथियमची २ युनिटांच्या आतबाहेर पुरते. अख्खं घर बॅटरीवर चालवायचा हट्ट महागात पडतो.

४. कोटेशन वाचताना

"२५ वर्षांची वॉरंटी" बहुतेकदा उत्पादनक्षमतेची असते. पॅनल खराब झाल्यास बदलून मिळण्याची मुदत वेगळी विचारा. चांगला पॅनल दरवर्षी साधारण अर्धा टक्का क्षमता गमावतो. इन्व्हर्टर मात्र १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, तो खर्च आजच धरा. अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण) आणि डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) लेखी असू द्या. पॅनलखाली हवा खेळायला जागा हवी, कारण पॅनलची क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हे पूर्ण खरं नाही.

५. बसवल्यानंतर

पहाटे, पॅनल गार असताना साधं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. आणि मेन स्विच बंद केला तरी उन्हातला पॅनल वीज बनवतच असतो, तेव्हा जोडण्या स्वतः उघडू नका.

पहिल्या महिन्यातल्या एका निरभ्र दिवसाचे युनिट लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच सुमारास तशाच दिवशी आकडा बराच खाली दिसला, तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधी गच्चीवर चक्कर मारा. शेजारच्या झाडाची फांदी वाढली असेल.