डिझेल फोर बाय फोरला जादा ऑईल कूलर बसवायचा तर

कूलर विकत घ्यायच्या आधी ऑईल किती तापतंय ते मोजा. डॅशबोर्डावरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑईलचं नाही. पाणी ९० अंशांवर शांत असतं आणि ऑईल त्याच वेळी १३० ला पोचलेलं असू शकतं.

माझं गॅरेज बीडला आहे. उन्हाळ्यात इथं पारा ४२ च्या वर जातो आणि त्याच दिवसांत फोर बाय फोर गाड्यांना खरं काम लागतं. पाण्याची टाकी भरलेली ट्रॉली मागं आणि पुढं बालाघाटाचा चढ. लो गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं जाते, इंजिन मात्र अडीच हजार फेऱ्यांवर राबत असतं. जाळीतून वारा येत नाही, टर्बो तापलेला, आणि टर्बोच्या बेअरिंगमधून जाणारं ऑईल ती सगळी उष्णता घेऊन चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं. अशा गाडीला जादा कूलरचा उपयोग आहे. नुसती हायवेला पळणारी गाडी असेल तर पैसे वाचवा.

ऑईलच्या तापमानाचा वेगळा काटा आणि सेन्सर आधी बसवा आणि भर दुपारी भरल्या ट्रॉलीनिशी चढ चढून बघा. ९० ते ११० अंश उत्तम. सतत १२० च्या वर राहत असेल तर कूलरचा विचार करा. १३० च्या पुढं ऑईल पातळ होतं, लवकर करपतं आणि बेअरिंगवरचा थर टिकत नाही.

तरी लगेच खरेदीला निघू नका. आमच्याकडं निम्म्या गाड्यांचं दुखणं रेडिएटरच्या जाळीतच सापडतं: काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू, गवताचं बी. इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला, बेतानं पाणी मारून धुवा. फॅनचा क्लच नीट पकडतोय का तेही पाहा. बऱ्याच डिझेल इंजिनांत फिल्टरच्या बुडाशी पाण्यावर चालणारा छोटा कूलर कंपनीनंच दिलेला असतो. तो काढू नका. सकाळी थंड ऑईल लवकर गरम करायचं कामही तोच करतो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय काहीच जोडू नका.

आता सामान. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसते ती सँडविच प्लेट. तिच्यातून ऑईल कूलरकडं जातं आणि परत येतं. फिल्टर उघडून आटे मोजूनच प्लेट घ्या, एम २० आणि पाऊण इंची आटे दिसायला सारखेच वाटतात. प्लेट थर्मोस्टॅटवालीच हवी, म्हणजे ऑईल तापल्यावरच कूलरची वाट उघडणाऱ्या झडपेची, साधारण ८० अंशांना उघडणारी. डिसेंबरात परभणीकडं पारा दहाच्या खाली उतरतो. थर्मोस्टॅट नसेल तर ऑईल गरमच होत नाही, त्यातली वाफ आणि कच्चं डिझेल उडत नाही आणि चेंबरमध्ये गाळ साचतो. प्लेटमुळं फिल्टर इंचभर तरी पुढं सरकतो. फोर बाय फोरमध्ये तिथंच पुढचा एक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट असतो. गाडी जॅकवर घेऊन आणि खाली सोडून, दोन्ही वेळा फट बघा.

अडीच लिटरच्या इंजिनाला १३ ते १९ रांगांचा प्लेटचा कूलर पुरतो. रेडिएटरसमोर लावला तर मधे दोन-अडीच सेंटिमीटर जागा ठेवा, पण मला ती जागा फारशी पटत नाही. तिथं एसीचा कंडेन्सर आधीच असतो, आणि कूलरची गरम हवा मग रेडिएटरला खावी लागते. लो गिअरच्या गाडीला मी कूलर एका बाजूला, स्वतंत्र फॅन देऊन बसवतो. फॅनला रिले आणि फ्यूज हवाच. कूलर बंपरच्या खाली लोंबता कामा नये, ओढ्यातला पहिला दगड त्यालाच लागेल. तोंडं वर ठेवा म्हणजे हवा अडकत नाही. बुडाला रबर द्या आणि पुढं बारीक जाळी लावा.

सगळ्यात जास्त लक्ष होजवर द्या. रेडिएटरची किंवा डिझेलची नळी इथं अजिबात चालत नाही. जेसीबीचे पाइप बनवणाऱ्या दुकानात गरम ऑईलसाठीचा, १५० अंश किंवा त्याहून जास्त सोसणारा होज मागा. आतला व्यास १६ मिलिमीटर, टोकं क्रिंप केलेली, म्हणजे मशीनवर दाबून बसवलेली. होज कापल्यावर आत रबराचा आणि तारेचा कचरा राहतो. डिझेलनं धुऊन कॉम्प्रेसरनं फुंका. आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, सुटलेला तुकडा थेट ऑईलच्या मार्गात जातो. होज सायलेन्सर आणि टर्बोपासून किमान १० सेंटिमीटर लांब न्या, स्टिअरिंगपासून दूर ठेवा, रबरी अस्तराच्या क्लॅम्पनं धरा. इंजिन फाउंडेशनवर हलतं, तेवढी ढील सोडा. तापलेल्या सायलेन्सरवर ऑईल उडालं की गाडी पेटते, म्हणून या कामाला घाई नको.

जोडताना ऑईल आणि फिल्टर नवेच घाला, ग्रेड कंपनीनं सांगितलेलीच. कूलरमध्ये आधी ऑईल भरून घ्या. प्लेटच्या ओ-रिंगला आणि फिल्टरच्या रबराला ऑईल लावा. रबर टेकल्यावर फिल्टर हातानं पाऊण फेरा, पान्याचा जोर नको. मग इंजिन सुरू न होऊ देता सेल मारा: जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप केबल ओढून, कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीनं. एका वेळी पाच-सात सेकंद, मधे थांबून, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच सुरू करा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा.

थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळं गाडी एकदा चांगली तापवून, बंद करून, दहा मिनिटांनी ऑईलची काडी पुन्हा पाहा. पातळी उतरलेली असेल तर ऑईल टाका. कूलर आणि होज मिळून अर्धा ते एक लिटर जादा ऑईल बसतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जोड पुन्हा तपासा.

जुन्या बाजारातला कूलर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलं त्याचा चुरा कूलरच्या प्लेटांमध्ये बसलेला असतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तुमच्याच गाडीचं बेअरिंग कधी गेलं, तर इंजिनाबरोबर कूलरही नवा टाका.