ओमाहा हाय-लो : एका पॉटचे दोन वाटेकरी

ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचे डाव रंगतात, ते बहुतेक रमीचे, मेंढीकोटाचे नाहीतर तीनपत्तीचे. तीनपत्तीत ‘मुफलिस’ खेळणाऱ्यांना, म्हणजे ज्यात सगळ्यांत फालतू पानांवाला जिंकतो, ओमाहा हाय-लो हा पोकरचा प्रकार अर्धा येतोच. फरक एवढाच की इथे भारी आणि हलका, दोघेही जिंकतात. पॉट, म्हणजे सगळ्यांनी लावून मधे जमलेला ढीग, मधोमध फुटतो: अर्धा ‘हाय’ला, अर्धा ‘लो’ला.

एक कॅट घ्या, जोकर काढून टाका. शिकायला पाच-सहा जण बरे. चिप्स विकत आणायची गरज नाही; अर्धा किलो राजमा सहा जणांना पुरून उरतो, प्रत्येकाला १०० दाणे मोजून द्या. पैसे मात्र लावू नका. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, तेव्हा ‘ॲपवर हात बसवतो’ हा बेतही नको.

वाटप आणि बोली

१. वाटणाऱ्याच्या डावीकडचा १ दाणा टाकतो, त्याच्या पुढचा २. तीनपत्तीत बूट सगळेच टाकतात, इथे फक्त हे दोघे.

२. प्रत्येकाला चार पाने, उलटी. पहिली बोली २ दाण्यांची.

३. वरचे एक पान न बघता बाजूला ठेवून तीन पाने मधे उघडा, ती सगळ्यांची. पुन्हा बोली, २ चीच.

४. तसेच एक पान बाजूला ठेवून चौथे उघडा. बोली आता ४ ची. पाचव्यालाही तेच.

एका फेरीत एक बोली आणि तिच्यावर तीनदाच वाढ, ही मर्यादा पहिल्याच डावापासून पाळा. नाहीतर एखादा उत्साही माणूस तिसऱ्या डावात सगळा राजमा पुढे ढकलतो आणि शिकणे तिथेच संपते.

हातातली दोन, मधली तीन

सगळा खेळ या नियमावर उभा आहे आणि सगळी भांडणेही इथेच होतात. हात नेहमी पाच पानांचा, आणि त्यात हातातली बरोबर दोन, मधली बरोबर तीन. एक-चार चालत नाही, तीन-दोनही नाही. मधे चार बदाम पडलेत आणि हातात बदामाचा एकटा एक्का आहे? कलर झालेला नाही. मधे दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी आहेत आणि हातात एक्का, दोन राजे, राणी? सिक्वेन्सही नाही, लोही नाही, कारण दुसरे छोटे पान हातातून यायला हवे.

हाय आणि लोसाठी मात्र हातातल्या वेगवेगळ्या जोड्या वापरता येतात, एखादे पान दोन्हीकडेही चालते. चार पानांच्या सहा जोड्या होतात. सुरुवातीला त्या सहाही तपासून बघा.

तीनपत्तीवाल्यांनी आणखी एक सवय मोडायची: तिथे सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इथे पाच पानांत कलर सिक्वेन्सच्या वर.

लो कसा वाचायचा

लोसाठी पाच वेगवेगळी पाने लागतात, सगळी अठ्ठी किंवा तिच्याखालची. एक्का इथे १ धरायचा. सिक्वेन्स वा कलर झाला तरी लोचे काही बिघडत नाही, म्हणून एक्का ते पंजी हा सर्वांत चांगला लो. मधे तीन वेगवेगळी छोटी पाने पडलीच नाहीत तर लो कोणाचाच नाही आणि अख्खा पॉट हायला जातो.

तुलना करताना मोठ्या पानापासून आकडा वाचा. ७-५-४-३-२ म्हणजे पंचाहत्तर हजार चारशे बत्तीस, ७-६-३-२-१ म्हणजे शहात्तर हजार तीनशे एकवीस. लहान आकडा जिंकला. ‘माझ्याकडे एक्का आहे’ असे कोणी कितीही ओरडो.

एक डाव जवळून

मधे: चौकट तिर्री, इस्पिक सत्ती, बदाम अठ्ठी, किलवर राजा, चौकट दश्शी. एका रंगाची तीन पाने नाहीत, त्यामुळे कलर कोणाचाच नाही. तिघे शेवटपर्यंत टिकले, प्रत्येकाचे ३२ दाणे, पॉट ९६ चा.

काकूंकडे एक्का, दुर्री, राजा, दश्शी. लो ८-७-३-२-१, हायला राजा-दश्शीच्या दोन जोड्या. अण्णांकडे दोन अठ्ठ्या, राणी, छक्की; हायला तीन अठ्ठ्या, लो नाही. मन्याकडे एक्का, दुर्री, नव्वी, गुलाम. त्याचा लो काकूंइतकाच, आणि नव्वी-गुलामाने सत्तीपासून गुलामापर्यंत सिक्वेन्स.

हायचे ४८ मन्याला. लोचे ४८ दोघांत, २४-२४. मन्या ७२ घेऊन गेला. काकू ‘जिंकल्या’, पण ३२ टाकून २४ मिळाले, म्हणजे ८ दाणे गेले. नुसत्या एक्का-दुर्रीवर बोली वाढवत सुटणाऱ्यांचे हेच होते: ही जोडी दुसऱ्याकडेही असते आणि वाट्याला पाव पॉट येतो.

एक्का-दुर्रीला दुसराही धोका आहे. मधे आणखी एक दुर्री पडली की हातातली मेली, कारण लोत जोडी चालत नाही. हातात तिर्रीही असेल तर ती जागा भरून काढते. म्हणून दोन एक्के, दुर्री, तिर्री, आणि ही दोन छोटी पाने एकेका एक्क्याच्या रंगाची, हा हात सर्वांत वरचा. सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी दिसायला छान, पण त्यांचा सिक्वेन्स जमतो तेव्हा मधे बहुधा छोटी पाने आलेली असतात आणि अर्धा पॉट दुसरा नेतो. असा हात टाकून द्या.

पाने दाखवताना चारही उघडी ठेवा. आधी हायची दोन पुढे सरकवा, मग मागे घेऊन लोची दोन. तोंडी सांगितलेला हात धरू नका. पॉट विषम निघाला तर उरलेला एक दाणा हायवाल्याचा.