जूनमध्ये शाळा उघडताना काय काय करायचं, दोन शिक्षकी शाळेवर नवीन लागलेल्यांसाठी

पवित्र पोर्टलवरून (सरकारी शिक्षकभरतीचं संकेतस्थळ) लागलेल्या दोघातिघांनी विचारलं की सर, पहिल्यांदाच जूनमध्ये शाळा उघडायचीय, पट २८, शिक्षक दोन, कुठून सुरुवात करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर आहे, पहिली ते चौथी, निम्मी वाडी ऊसतोडीला जाणारी. त्यामुळं जे सांगतोय ते इकडचं आहे, कोकणातल्यांनी आणि विदर्भातल्यांनी आपापल्या हिशोबानं घ्या, विदर्भात तर उन्हामुळं शाळाच आपल्यानंतर उघडते.

१५ जूनला शाळा म्हणून १५ जूनलाच जाऊ नका. निदान तीन-चार दिवस आधी जा आणि एकटे जाऊ नका, गावातलं कुणीतरी सोबत घ्या. दीड महिना बंद असलेलं कुलूप पहिल्या झटक्यात उघडत नाही, खिशात थोडं खोबरेल तेल असू द्या. दार काठीनं ढकला आणि हात घालायच्या आधी बघा, कपाटामागं, पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली आणि तरटपट्टीच्या गुंडाळीत तर खासच. एका वर्षी मी गुंडाळी आतच सोडली तर त्यात विंचू, पाठीवर पिल्लं घेऊन बसलेला. तेव्हापासून गुंडाळ्या बाहेर उन्हात नेऊनच सोडतो. पहिला पाऊस पडला की पत्रा कुठं गळतोय ते बघून बरोबर त्याच्याखाली फरशीवर खडूनं गोल करून ठेवा, दुरुस्ती कधी होईल ती होईल पण पुस्तकं तरी तिथं ठेवली जाणार नाहीत.

पाण्याची टाकी आतून घासून घ्या. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) किती टाकायची ते अंदाजानं करू नका, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा असतो त्याला नाहीतर आरोग्य सेविकेला विचारा. मग पोषण आहाराचा तांदूळ. एप्रिलमधला उरलेला असला तर पोतं उघडून वास घ्या, जाळी धरलीय का बघा, खराब असेल तर शिजवायचाच नाही, वजन करून नोंद करा आणि वर कळवा. पहिली ते पाचवीला एका लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २८ पोरं हजर असतील तर २ किलो ८०० ग्रॅम. हा हिशोब पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज लिहा, महिनाअखेरीला बसून जुळवायला गेलात की रडायची वेळ येते. स्वयंपाकी ताईला आधीच निरोप द्या नाहीतर ती शेतात पेरणीला गेलेली असते. आणि वाढायच्या आधी स्वतः चव घ्या, नुसती चव रजिस्टरला सही मारू नका.

पहिलीच्या नावांसाठी अंगणवाडी ताईकडं यादी असते, ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारी सगळी त्यात आलीत का बघा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तसं स्पष्ट आहे, कागद मागाहून येतो. पण जनरल रजिस्टरला नाव चढवताना घाई करू नका. घरी सोन्या, अंगणवाडीत कार्तिक, आधारवर कार्तीक, असलं सर्रास असतं, आणि एकदा चुकलं की ते लेकरू दहावीपर्यंत भोगतंय. आईबापाला समोर बसवा, नाव मोठ्यानं वाचून दाखवा, मगच शाई लावा. जन्मतारखेचंही तेच, "पोळ्याच्या आसपास झाला" यावर तारीख ठोकून देऊ नका.

प्रवेशोत्सवाबद्दल फार लिहीत नाही. फुलं द्या, बैलगाडीतून मिरवा, पावलांचे ठसे घ्या, ग्रुपवर टाकायला फोटो काढा, अर्ध्या तासात आटपा. फुगे जरा लांबच ठेवा, एक फुटला की पहिलीची चार एकदम सुरू होतात. रडणाऱ्याची आई दोन दिवस वर्गात बसली तर बसू द्या, ताई-दादा तिसरी-चौथीत असेल तर त्याच्या शेजारी बसवा. दाराला कडी लावून कोंडायचं नाही. कडीला भ्यालेलं लेकरू मग महिनाभर शाळेचं नाव काढू देत नाही.

आता खरं काम. इकडं शाळा उघडते म्हणजे सुट्टीवरून पोरं येतात एवढंच नसतं. काही पोरं दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊस तोडायला, गेलेली असतात, मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, परत येतात, तोवर आपल्याकडं परीक्षा आणि मग सुट्टी. काही हंगामी वसतिगृहामुळं (आईबाप बाहेर असताना पोरांची गावातच जेवणाखाण्याची सोय) आजीकडं थांबतात ती ठीक असतात. पण जी गेली ती जूनमध्ये पुढच्या वर्गात येऊन बसतात आणि त्यांची मागची अर्धी यत्ता झालेलीच नसते. अशा पोराला सगळ्यांसमोर "कुठं होता रे एवढे दिवस" असं विचारू नका. तो कुठं होता ते सगळ्या वाडीला माहीत आहे. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, पोरगं दुसऱ्या दिवशी आलंच नाही, तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी.

पहिल्या आठवड्यात लेखी चाचणी घेऊ नका. वर आकडे लागतात तेव्हा लागतात, आधी एकेकाला व्हरांड्यात शेजारी बसवा आणि दुसरीचं पुस्तक द्या. अडखळला तर पहिलीचं, तिथंही अडखळला तर नुसती अक्षरं, जिथं सलग वाचतोय तिथं थांबा आणि वहीत त्याच्या नावापुढं तेवढंच लिहा. एका पोराला दहा मिनिटं, म्हणजे चार-पाच दिवसांत सगळी होतात. गणिताला मात्र पाटीपासून सुरू करू नका, तोंडी विचारा. हातच्याची वजाबाकी न येणारं पोरगं वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा) पेंढ्या विकून किती आले, त्यातले किराण्याला किती गेले, उरले किती हे पटापट सांगतंय, तोडलेल्या उसाचे टन माहीत, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) फिटायला अजून किती राहिली तेही माहीत. त्याला गणित येतं हो, मांडता येत नाही एवढंच. त्याच पेंढ्या फळ्यावर मांडून हातचा शिकवा.

वयाप्रमाणे वर्ग द्यायचा हा कायदा आहे, त्यामुळं चौथीच्या पोराला दुसरीत उतरवायचं नाही. पण रोज एक तास यत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं येतं तसे गट करून बसवा. गटांना पोरांनाच नावं ठेवू द्या, आमच्याकडं गेल्या वर्षी "ट्रॅक्टर" आणि "बिबट्या" होते. आल्या आल्या एखादी जबाबदारी द्या, घंटा, नाहीतर परिपाठाला उभं राहून हजेरी मोजणं. एखादी पोरगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन येईल, तिला परत पाठवू नका. फडावरच्या कोपीवर (झोपडीवर) तिनंच त्याला सांभाळलेलं असतं, आता आई खुरपायला गेली की पुन्हा तिच्याच गळ्यात. अंगणवाडी शेजारी असेल तर तिथं बोलून बघा, नसेल तर कोपऱ्यात एक सतरंजी टाका, तो झोपतो बिचारा.

दोघांत वाटणी कशी करायची यावर भांडणं होतात. माझं मत, ज्याची नोकरी जास्त झाली त्यानं पहिली-दुसरी घ्यावी. होतं उलटंच, नवीन माणसाच्या गळ्यात पहिली. ऑनलाइन माहिती भरायचं काम पोरं असताना दोघांनी एकदम काढायचं नाही, एकानं वर्ग धरायचा. आमच्याकडं रेंज मारुतीच्या पारावरच येते, म्हणून मी ते शाळा सुटल्यावरच करतो.

पुस्तकं पहिल्याच दिवशी हातात द्या, कपाटात मांडून ठेवू नका. गणवेश आला नसेल किंवा मापाचा नसेल तर घरच्या कपड्यांत बसू द्या. हजेरी पहिले दोन आठवडे कमीच राहणार, मृगाचा पाऊस झाला की पेरणी, त्यात आठवडी बाजार. न आलेल्याच्या घरी सकाळी सातच्या आत जा, नंतर सगळे शेतात. फोन करून काही होत नाही, फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप बांधावर. संचमान्यतेला (शाळेला शिक्षक किती ते ठरतं तिला) ३० सप्टेंबरचा पट धरतात म्हणून कुणी नावं फुगवायचा सल्ला देईल, त्या फंदात पडू नका.

अजून एक. शिक्षण हमी कार्डाचे कोरे फॉर्म जूनमध्येच मागून कपाटात ठेवा. दसरा झाला की मुकादमाच्या (ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाड्या रात्रीतून टोळ्या भरून नेतात, सकाळी वर्गात आठ जागा रिकाम्या दिसतात, आणि कार्ड लेकराच्या दप्तरात आधीच गेलेलं नसेल तर तिकडच्या शाळेत त्याला कोण कितवीत बसवणार.