पोक या एका आज्ञेतून स्पेक्ट्रमची ओळख

सिंक्लेअर कंपनीने 1982 मध्ये ब्रिटनमध्ये आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक हाताळून पाहायचा असेल, तर खेळ लोड करण्याआधी थेट त्याच्या मेमरीत हात घालावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. याची परवाना घेऊन तयार केलेली आवृत्ती 1988 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतातही विकली होती. जुने यंत्र मिळालेच, तर अडॅप्टर तपासल्याशिवाय ते सुरू करू नये, कारण त्याला लागणाऱ्या 9 व्होल्टच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो आणि आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. यंत्र नसेल, तर फ्यूज हा मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घेऊन त्यात 48 के (48 किलोबाइट मेमरीचे) मॉडेल निवडावे.

या यंत्रात आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायची नसते. ओळीच्या सुरुवातीला ओ ही कळ दाबली की पोक हा अख्खा शब्द उमटतो; मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे क्रमांकाच्या जागेवर, दिलेला आकडा ठेवणारी ही आज्ञा आहे. त्यापुढे 16384,255 असे लिहून एंटर दाबावे. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ बिंदूंची बारीक काळी रेघ दिसेल. 16384 हा पडद्याच्या मेमरीचा पहिला पत्ता आहे, आणि 255 म्हणजे त्या बाइटमधील (एका पत्त्यावरच्या जागेतील) आठही बिट चालू; एक बिट म्हणजे पडद्यावरचा एक बिंदू.

आता 10 क्रमांकाच्या ओळीत फॉर एन = 16384 टू 22527, 20 मध्ये पोक एन,255 आणि 30 मध्ये नेक्स्ट एन असे लिहून (म्हणजे या प्रत्येक पत्त्यावर ओळीने 255 ठेवायला सांगून) रन करावे, आणि पडद्यावरून नजर हलवू नये. पडदा वरून खाली सलग भरत नाही. वरच्या तिसऱ्या हिश्शात आठ-आठ रेघांचे अंतर सोडून रेघा उमटतात, मग मधल्या फटी क्रमाने बुजतात, आणि तो हिस्सा पूर्ण झाल्यावरच मधला हिस्सा सुरू होतो. या मांडणीमुळे अक्षराच्या चौकोनात एक रेघ खाली उतरताना पत्त्यात फक्त 256 मिळवावे लागतात, म्हणजे झेड80 प्रोसेसरला पत्त्याचा वरचा बाइट एकाने वाढवला की पुरते. पडदा असा भरताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही युक्ती कोणी न सांगता समजली, आणि त्या आनंदासाठीच ही खटपट करावी.

रंगांची मेमरी 22528 पासून पुढे 768 बाइट आहे. तिथेही याच रीतीने आकडे टाकून पाहावेत. चुकीच्या आकड्याने यंत्र बिघडत नाही, फार तर अडकते, आणि वीज काढून पुन्हा दिली की पूर्ववत होते.

यानंतर देवनागरी अक्षर घडवावे. आपण घडवलेल्या अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या मेमरीतील 65368 ते 65375 या आठ पत्त्यांत, अक्षराच्या एकेका रेघेसाठी एक असे, अनुक्रमे 255, 36, 36, 36, 100, 100, 4 आणि 0 भरावेत. पहिला आकडा शिरोरेषा आहे, 36 मधील दोन बिट म्हणजे दोन उभे दांडे, आणि 100 मुळे डाव्या दांड्याला खाली गाठ येते. कॅप्स शिफ्ट आणि 9 दाबून ग्राफिक्स मोडमध्ये जावे व ए दाबावे, ग उमटेल. अशी 21 अक्षरे साठवता येतात. जोडाक्षराला आठ बिंदूंची रुंदी अपुरी पडते, तेव्हा 65376 पासूनचे पुढचे आठ बाइटही घेऊन ते शेजारच्या दोन चौकोनांत मांडावे, आणि शिरोरेषा जुळावी म्हणून दोन्हींचा पहिला आकडा 255 च ठेवावा.