पान पिवळं पडलंय? आधी कुठलं पान ते बघा

इंदूरला आमच्या लोकमान्यनगरात घरोघरी गच्चीवर कुंड्या आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच, पानं पिवळी पडतायत काय घालू. काहीच घालू नका आधी. झाडापाशी बसा आणि बघा की पिवळं झालंय ते खालचं जुनं पान आहे का शेंड्याचं कोवळं, अर्धं निदान तिथेच होतं.

म्हणजे कसं, नायट्रोजन, पोटॅश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह आणि कॅल्शियम असं हलत नाही, त्यामुळे त्रास शेंड्याला दिसतो. खालचं पान शिरांसकट एकसारखं फिकं झालं तर नायट्रोजन, कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या तर बहुतेक पोटॅश. आता गोंधळ होतो तो इथे, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं जुन्या पानावर असेल तर मॅग्नेशियम, आणि तेच नव्या पानावर असेल तर लोह.

माझ्या जास्वंदीला हेच झालेलं, नवी पानं अगदी लिंबासारखी पिवळी, एका नर्सरीवाल्याने युरिया सांगितला, मी घातला, आणि पानांच्या कडा जळाल्या, वर पिवळेपणा तसाच. खूप वाईट वाटलं तेव्हा. खरं कारण पाणी आणि माती. माळव्याची काळी माती चुनखडीची, त्यात आम्ही बोरिंगचं जड पाणी घालतो, मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारलं, आणि पावसाचं पाणी साठवून घालायला लागले तेव्हा पानं हिरवी झाली. खाली पांढरी फरशी असेल तर जपून, डाग जात नाहीत.

आता रोग. कमतरता साधारण झाडभर एका नमुन्यात दिसते, डावीउजवीकडे सारखी. रोगाचे डाग कुठेही पडतात आणि पसरत जातात. पान उलटं करून बघायची सवय लावाच, मावा, पांढरी माशी, कोळी (जाळ्यातला नव्हे, ठिपक्याएवढी बारीक कीड) सगळे खालीच लपतात, कोळी बघायला पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले की समजा. भोपळा-काकडीवर पांढरी पावडर बोटाने पुसली जाते ती भुरी, आणि वरून पिवळे चौकोनी डाग नि खालून करडी बुरशी असेल तर केवडा. दोन्हीची औषधं वेगळी, म्हणून ओळखणं महत्त्वाचं. टोमॅटोची पानं वाटीसारखी वर वळून झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्यावर औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाका नाहीतर शेजारची झाडंही जातील. (टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडणं हा मात्र रोगच नाही, एक दिवस भरपूर पाणी नि चार दिवस कोरडं असं केलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.)

झाड अचानक मान टाकतं तेव्हा पाणी ओतायच्या आधी बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडी असेल तर तहान. मे महिन्यात दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहिलं तर नुसतं ऊन. पण माती ओली असून झाड मलूल असेल तर मुळं सडलीत किंवा मर रोग आहे. टोमॅटो-वांग्याला असं झालं तर जमिनीजवळच्या खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात नुसतं टोक बुडेल असा धरा, काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर ती बॅक्टेरियाची मर. मग ते झाड मुळासकट काढा, कात्री धुवून घ्या, आणि त्या कुंडीत परत टोमॅटो, वांगं, मिरची काही लावू नका, मी तिथे आता मेथी पेरते.