फुरसं चावलं तर बिल कुप्यांवर ठरतं

पावसाळ्यात गडग्याच्या चिऱ्यांत फुरसं दडलेलं असतं आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच जातं. आमच्या मोत्याचं थोबाड बघता बघता शहाळ्यासारखं सुजलं. अशा वेळी डॉक्टरांची फी किरकोळ. पैसे जातात सर्पविषरोधक इंजेक्शनात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच औषध, १० मिलीच्या कुपीत, आणि एका कुपीत भागेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करा: कुपी शिल्लक आहे का, केवढ्याला, ऑनलाइन पैसे चालतील का? नाहीतर रात्रीच्या रिक्षाचं भाडं फुकट. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि १९६२ ही टोल फ्री सेवा आधीच सेव्ह करा (ती मुख्यतः गुराढोरांसाठी, पण विचारायला काय जातंय). दोरी आवळणं, हळद-चुना लावणं यात वेळ घालवू नका. पोचल्यावर आज रात्री काय लागणारच आणि काय उद्यावर ढकलता येईल, हे सरळ विचारा. डॉक्टर रागावत नाहीत. रक्त गोठतंय का, ही तपासणी मात्र टाळू नका, फुरशाचं विष तिथेच घात करतं. मी आता गणपतीच्या खर्चासारखे मोत्याच्या नावानेही महिन्याला दोनशे रुपये डब्यात टाकते.